कानबाईची फुगडी आणि दीपालीचा घोटा

खानदेशात जाऊन आले असं सांगितल्यावर पुण्यात प्रत्येकाने मला भरताबद्दल विचारलं. भरीत मला मिळालं नाही. त्यासाठीची लांब हिरवी वांगी हिवाळ्यात येतात आणि मी गेले होते श्रावणात. मला मिळाला एक बांधलेला घोटा, आणि तो बांधणाऱ्या अक्का.

झालं असं, की मी एक नोकरी सोडली होती आणि दुसरी सुरू व्हायला अवकाश होता. मी फिजिओथेरपिस्ट आहे. खेळाडूंचे गुडघे, खांदे आणि घोटे हे माझं काम. माझी हॉस्टेलमधली मैत्रीण मोनाली शिरपूर तालुक्यातली. ती म्हणाली, "कानबाईला घरी चल. आणि जमलं तर माझ्या बहिणीचा पाय बघ." बहीण दीपाली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, खो-खो खेळणारी. सरावात तिचा उजवा पाय मुरगळला होता. विद्यापीठाच्या संघाची निवड धुळ्याला व्हायची होती, कानबाई झाल्यावर आठवड्याभराने. गेल्या वर्षी ती राखीव खेळाडू होती. पुढच्या वर्षी ती कॉलेजातच नसणार. म्हणजे जे व्हायचं ते याच श्रावणात.

मी हो म्हणाले. अनोळखी घरात राहायचं या विचाराने मला आदल्या दिवशी जेवण गेलं नाही, हे मोनालीला सांगितलं नाही.

जळगाव

पुण्याहून रेल्वेने सकाळी जळगावला उतरलो. मोनालीला सराफाकडून कानबाईची नथ घ्यायची होती. कानबाई म्हणजे नारळाची देवी. तिला नथ घालून, साडी नेसवून, श्रावणातल्या रविवारी चौरंगावर बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. नथेचा एक मोती निखळला होता, तो बसवायला दिलेला.

सराफ मूळचे राजस्थानचे, जैन, चार पिढ्या जळगावात. गल्ल्यावर बसलेल्या शेठजींच्या मानेला पट्टा होता. मी नको म्हटलं तरी माझी नजर तिथेच जात होती.

"मान धरली का शेठजी?" मोनालीने विचारलं.

"धरली नाही, धरूनच बसली. धाकट्याच्या लग्नात पट्टा लावला. आता त्याचा मुलगा पहिलीत जातो."

"मग काढत का नाही?"

"काढला आणि दुखलं तर?" शेठजींनी नथ कापसात ठेवून पुडी बांधली. "पट्टा आहे म्हणून दुखत नाही, बेटा."

"आता दुखतच नाही?"

"दुखतं ना. पण पट्टा आहे."

बाहेर आल्यावर मोनाली म्हणाली, "तू काहीच बोलली नाहीस."

"त्यांनी मला विचारलं नाही."

"आमच्या अक्का आत्याही विचारणार नाहीत," ती म्हणाली. "तेव्हा बोलणार की नाही ते आत्ताच ठरव."

बसस्थानकाजवळ शेवभाजी खाल्ली. पुण्यात शेव मिसळीवर भुरभुरवतात. इथे जाड, तिखट शेव रश्श्यात घालून तिचीच भाजी करतात. पहिल्या घासाला मी धीराने हसले. दुसऱ्या घासाला वेटरने न मागता ताक आणून ठेवलं आणि म्हणाला, "पुणे का मुंबई?"

चोपड्यामार्गे शिरपूरला जाणाऱ्या बसने तापी ओलांडली तशी दोन्ही बाजूंना केळी सुरू झाली. केळीची बाग बाहेरून हिरवी दिसते, पण आत पाहिलं तर अंधार असतो. उजवीकडे सातपुडा सोबत चालला होता. त्याच्याकडे बघत मी मनात वाक्यं जुळवत होते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. 'ग्रेडेड लोडिंग' मी झोपेतही समजावू शकते. मराठीत ते सांगायचं कसं, याचा विचार मी त्या बसमध्ये पहिल्यांदा केला.

गावात

ओट्याशेजारी खाटेवर दीपाली बसली होती. उजवा पाय उशीवर. घोट्यापासून नडगीच्या निम्म्यापर्यंत आंबेहळदीचा लेप, त्यावर जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, इतक्या घट्ट आणि सुबक की कुणी कौतुकच करावं. पायाची बोटं तेवढी बाहेर.

अक्का म्हणजे या मुलींच्या वडिलांची, नानांची, मोठी बहीण. सासर सोनगीरचं, पण भावाच्या घरी कानबाई बसणार म्हटल्यावर महिनाभर आधी येऊन राहतात. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अहिराणीत विचारलं.

"हाई डाक्टरीन शे?"

"पायाची," मोनाली म्हणाली.

"पाय बांधेल शे," अक्का म्हणाल्या. "आते कानबाईले सोडसू."

पाय मुरगळला त्याच दिवशी नाना दीपालीला शिरपूरला घेऊन गेले होते. एक्स-रेमध्ये हाड साबूत होतं. डॉक्टरांनी काही दिवस जपून, मग हळूहळू चालायला सांगितलं. घरी आल्यावर 'जपून' तेवढं शिल्लक राहिलं. अक्कांनी पाय बांधला, कानबाईला नवस बोलल्या, की पोरीचा पाय बरा होऊ दे, विसर्जनाला ती तुझ्यापुढे फुगडी खेळेल. तेव्हापासून, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे, तो पाय उशीवर होता.

रात्रीच्या जेवणाला कळण्याची भाकरी होती, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, वर तेल आणि लसणाची चटणी. सगळे बोलत होते. मी भाकरीकडे बघत होते आणि मला विसर्जनाच्या सोमवारची धास्ती वाटत होती. आतापर्यंत शून्य, आणि मग एका सकाळी फुगडी. पूर्ण विश्रांती, आणि त्यानंतर एकदम पूर्ण जोर. दुसऱ्यांदा पाय मुरगळायला याहून सोपा रस्ता नाही. हाडांना जोडणारं लिगामेंट तीन आठवड्यांत बऱ्यापैकी सांधतं. पण न वापरलेला स्नायू बारीक होतो आणि तोल सांभाळायची घोट्याची सवय जाते. ती लेपाने परत येत नाही, आणि झोपूनही येत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का ओट्यावर रोटांसाठी गहू निवडत बसल्या होत्या. कानबाईच्या पुरणपोळ्यांना रोट म्हणतात आणि ते घरच्या भाऊबंदांनीच खायचे असतात. म्हणून मी त्या गव्हांना हात न लावता शेजारी बसले.

"अक्का, पाय थोडा वेळ सोडू का?"

"नही."

"बघून परत बांधू."

"बाई, तू पुण्यानी. तठे पाय सोडतस, आठे बांधतस." त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. "नवस कोन बोलनं? मी. पोर कोनी? आमनी."

माझा चेहरा गरम झाला. एरवी मी उठून आत गेले असते. पण खाटेवरून दीपाली माझ्याकडे पाहत होती, आणि आदल्या दिवसापासून ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. ती माझ्याइतकीच बुजरी निघाली.

"नवसाबद्दलच बोलते आहे," मी म्हणाले. "कानबाईपुढे फुगडी खेळताना ती पडली तर?"

अक्कांचे हात गव्हात थांबले.

"काब्रं पडी?"

"पडेल की नाही ते आत्ता बघता येईल. पाय सोडून तिला नुसती एका पायावर उभी करा. धरायला मी आहे."

अक्का पदराला हात पुसत उठल्या आणि गाठी त्यांनी स्वतःच सोडल्या. गाठींना मला हात लावू दिला नाही. सूज बरीच उतरली होती. मी हाडाच्या ठरावीक जागा दाबून पाहिल्या. तिथे दुखत नव्हतं. मग दीपाली डाव्या पायावर उभी राहिली, खांबासारखी. उजव्यावर उभी राहिली आणि पोटरी थरथरायला लागली, घोटा आत-बाहेर डुलला, आणि आपली स्वतःची मुलगी कोलमडावी तसं अक्कांनी पुढे होऊन तिला धरलं.

"पोर लुळी व्हई गई," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही अक्का. पाय झोपलाय. उठवू."

सरकीचं पोतं

अक्कांनी दोन अटी घातल्या. रात्री लेप लागणार. आणि रोज सकाळी पाय आधी त्या बघणार, मग मी.

दोन्ही मी मान्य केल्या. लेपाने लिगामेंट लवकर सांधतं याचा पुरावा मला माहीत नाही. त्वचेला त्रास नसेल तर रात्रभर लावल्याने काही बिघडतं, असंही मला माहीत नाही. तिला त्याने बरं वाटत होतं. दुखण्यात बरं वाटणं ही लहान गोष्ट नसते. फक्त पट्ट्या सैल बांधायच्या आणि दिवसा काढायच्या, एवढं मी मागून घेतलं.

आणि मग मी त्यांना त्या ग्रेडेड लोडिंगचा नियम सांगितला, जो मी पुण्यात रोज इंग्रजीत सांगते. करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. खरा हिशोब सकाळी. सकाळी दुखणं आणि सूज कालच्याइतकीच किंवा कमी असेल, तर कालचं पचलं, आज जरा वाढवायचं. जास्त असेल, तर एक पायरी खाली यायचं.

"म्हंजे दुखी तरी चाली?" अक्का.

"सहन होईल इतकं."

"आयका," त्या घरातल्या बायकांना म्हणाल्या, "डाक्टरीन सांगस, दुखी तरी चाली. मंग आपले काय डाक्टर लागस?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मला मराठीत नियम सांगता आला होता, आणि त्याची चेष्टा होते आहे म्हणजे तो समजलाही होता.

त्या घरात व्यायामाचं सामान नव्हतं, पण काही अडलं नाही. ओट्याच्या कडेवर उभं राहून टाचा उचलायच्या, आधी दोन्ही पायांनी, मग एका. गोठ्यातल्या गाईसाठी आणलेल्या सरकीच्या पोत्यावर एका पायाने उभं राहायचं. कपाशीचं बी पायाखाली सरकतं आणि घोट्याला सतत तोल शोधावा लागतो. पुण्यात यासाठी आमच्याकडे निळ्या रंगाची महागडी उशी आहे. सरकीचं पोतं तिच्यापेक्षा अवघड निघालं. गाय मात्र पहिले दोन दिवस नाराज होती.

आणि फुगडी. ती अक्काच खेळवत. सुरुवातीला हात धरून नुसतं गोल चालायचं. मग पाय जोडून हळू. मग जरा वेग. "कंबर मागे टाक, पाय नको ओढू," असं त्या सांगत, आणि मी बाजूला उभी राहून बघत असे की तिचा उजवा पाय आता डाव्यामागे लपत नाही.

एका सकाळी अक्कांनी पायाला हात लावला आणि ओरडल्याच. घोटा सुजला होता. दीपाली खाली मान घालून बसली. आदल्या संध्याकाळी ती गुपचूप खळ्यावर जाऊन पळाली होती, नुसती नाही, खो-खोसारखी वळणं घेत.

अक्कांनी साडीच्या पट्ट्या आणल्या. "बस व्हयनं. आते बांधस."

"एक पायरी खाली, अक्का," मी म्हणाले. "खाटेवर नाही."

"सुजेल शे!"

"हो. म्हणून आज पळायचं नाही, उड्या नाहीत. टाचा उचलायच्या, चालायचं. बांधलं तर आपण परत पहिल्या दिवसावर जाऊ, आणि सोमवार तिथेच राहील."

पट्ट्या हातात तशाच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर खाली घेतली नाही. माझ्यासारखीला हे किती कठीण जातं ते माझ्यासारख्यांनाच कळेल. शेवटी त्यांनी पट्ट्या दीपालीच्या मांडीवर टाकल्या.

"घडी कर," त्या तिला म्हणाल्या. "आनि परत लपीसन पळनी ते खांबले बांधसू. पाय नही, तुले."

दोन सकाळींनी सूज उतरली. अक्कांनी सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "काल इतलाच शे." म्हणजे कालच्याइतकाच आहे. त्या दिवसापासून घरात कुणी काही विचारलं तरी हे उत्तर मिळू लागलं. नाना कपाशीला पाणी देऊन आले, विहिरीला पाणी किती? काल इतलंच शे.

कानबाई

रविवारी कानबाई बसली. जळगावहून आणलेली नथ नारळाला घातली तेव्हा तो नारळ राहिला नाही. मला खरंच तसं वाटलं, आणि मी असल्या गोष्टी सहसा कबूल करत नाही. जेवणात भाऊबंदांना रोट, आणि माझ्या ताटात खीर आणि गंगाफळाची भाजी. गंगाफळ म्हणजे आमच्याकडचा लाल भोपळा, ज्याला मी घरी हात लावत नाही. इथे दोनदा मागून घेतला.

सोमवारी सकाळी घराघरांतल्या कानबाया चौरंगांसकट बायकांच्या डोक्यावर निघाल्या. बारीक पाऊस होता, वाजंत्री होती, आणि दर चार घरांपुढे थांबून फुगड्या. आमच्या अंगणापुढे थांबणं झालं तेव्हा अक्कांनी पदर खोचला आणि दीपालीचे हात धरले.

रस्ता ओला होता. मी तिच्या चेहऱ्याकडे न पाहता फक्त तिच्या उजव्या घोट्याकडे पाहत राहिले. सुरुवातीला हळू. मग अक्कांनी मान मागे टाकली आणि वेग धरला. साडी आणि ओढणी यांचं एक चाक झालं. घोटा जागेवर होता. डुलत नव्हता, लपत नव्हता, जोर घेत होता आणि परत देत होता. थांबल्यावर दीपाली हेलपाटलीसुद्धा नाही. हेलपाटल्या अक्का, आणि त्यांना दीपालीने धरलं.

"नवस फिटना," अक्का धापा टाकत म्हणाल्या. आणि मग माझं मनगट धरलं. "आते तू."

मला फुगडी येत नाही असं मी इंग्रजीत म्हणाले. दोन फेऱ्यांत माझी चप्पल उडून वाजंत्रीवाल्यांत गेली आणि मी चिखलात बसले. गावातल्या बायका इतक्या मोकळ्या हसल्या की मला लाजायला वेळच मिळाला नाही.

धुळे

निवडीच्या आदल्या दिवशी मी दीपालीची नीट परीक्षा घेतली. एका पायावर लांब उडी, दोन्ही पायांनी वेगवेगळी, आणि फरक बघायचा. अचानक थांबणं, वळणं, पळताना दिशा बदलणं. तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की नापास झालीस तर मी नाही म्हणेन, कानबाई असो नाहीतर विद्यापीठ. उजवी उडी डावीच्या जवळजवळ बरोबरीने पडली. मी परत मारायला लावली. परत तेवढीच.

सकाळी तिच्या घोट्याला आधाराची चिकटपट्टी लावली आणि नानांच्या जीपमधून अक्कांसकट आम्ही महामार्गाने धुळ्याला गेलो. मैदानावर निवड करणारे सर दीपालीला ओळखत होते. "तुझा पाय बांधलाय असं ऐकलं होतं," ते म्हणाले. "खेळायला कोणी सांगितलं?"

सगळे माझ्याकडे वळले. मी बोलले. उभ्या मैदानावर, अनोळखी माणसाशी, मराठीत. काय झालं होतं, काय केलं, कोणत्या चाचण्या घेतल्या, पट्टी कशासाठी लावली आहे. सरांनी मध्ये दोनदा अडवून विचारलं, दोनदा मी उत्तर दिलं. तरी त्यांनी तिला स्वतः खांबाभोवती वळवून पाहिलं. मला ते आवडलं. मीही तसंच केलं असतं.

"म्हणजे उपचार तुम्ही केलेत?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, "दोन्ही जनीसनी करं."

मग खेळ. सुरुवातीला दीपाली सांभाळून होती. मला ती खाटेवरची मुलगी दिसायला लागली. एक गडी तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावरून निसटला. मग तिला खो मिळाला, पुढची मुलगी खांबाकडे पळाली, हुलकावणी देऊन वळणार तेवढ्यात दीपालीने उजव्या पायावर जोर घेतला आणि सूर मारला. तोच पाय. ती आडवी हवेत होती, एक हात खांबाला, दुसरा पुढे, आणि पळणारीच्या पाठीवर थाप पडल्याचा आवाज मला कुंपणापर्यंत आला. ती उठली, पाय झटकला आणि परत पळाली. त्यानंतर तिने सांभाळणं सोडून दिलं.

संध्याकाळी सरांनी निवडलेल्यांची नावं वाचली. तिचं नाव राखीव खेळाडूंत नव्हतं. मुख्य संघात, वरच्या बाजूला होतं. नाना जीपला टेकून उभे होते. त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि परत काढली. अक्का शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या की आंबेहळद ताजी हवी.

मी तिथे उभी राहून मन भरून आनंद घेतला. माझा स्वभाव आनंद झाकून ठेवायचा आहे. त्या दिवशी झाकला नाही.

सोनगीर

रात्री परतताना सोनगीरला अक्कांच्या सासरी राहिलो. हे गाव तांब्यापितळेच्या भांड्यांचं. सकाळी जाग आली तीच ठोक्यांच्या आवाजाने. आणि मला आठवलं, की खरा हिशोब अजून व्हायचा आहे. कालच्या दिवसाचा निकाल आज.

अक्का माझ्या आधी उठल्या होत्या. आम्ही दोघी दीपालीच्या अंथरुणाकडे गेलो. ते रिकामं होतं.

अंगणात आलो. समोर टेकडीवर सोनगीरचा किल्ला, आणि त्याच्या वाटेवर बरंच वर एक पिवळा टी-शर्ट चढत होता. अक्कांनी हाक मारली. टी-शर्ट थांबला, वळला आणि धावत खाली आला. अक्का तिथेच पायरीवर बसल्या, तिचा पाय मांडीवर घेतला, दोन्ही अंगठ्यांनी घोटा चाचपला, मग दुसरा पाय घेऊन तोही चाचपला. मग पाय माझ्याकडे सरकवला. मी पाहिला.

"बोल," अक्का म्हणाल्या.

"काल इतलाच शे," मी म्हणाले.

दीपाली मोठ्याने हसली. पंधरा दिवसांत तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. ती पुन्हा वर पळाली.

अक्का तिच्याकडे पाहत बसल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून, चेहरा जरा वाकडा करत उठल्या. सासर इथलं, पण गुडघा धरल्यापासून किल्ल्यावर चढले नाही, असं त्या म्हणाल्या. मी काही सुचवायच्या आत त्या किल्ल्याच्या वाटेची पहिली पायरी चढल्या.

"अक्का, हळू. गुडघा दुखेल."

"दुखी ते दुखी," त्या वळून न पाहता म्हणाल्या. "सकायले देखसूत."